तान्याच्या कानातला डूल

"तू... हिरवी ओढणी! आणि तू, चौकड्यांचा शर्ट! तुम्ही दोघं प्रेमात आहात. चला, हात धरा."

चिकूच्या पेट्या टेम्पोत चढवाव्यात तितक्या सहज चिमणभाईंनी हे सांगून टाकलं आणि ते पुढच्या जोडीकडे वळले. चिमणभाई म्हणजे मुंबईहून आलेल्या शूटिंगचे प्रॉडक्शन मॅनेजर. गर्दीसाठी आलेल्या डहाणूच्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या ते भराभर जोड्या लावत होते.

हिरवी ओढणी म्हणजे नीलम. डहाणू स्टेशनवरच्या बुकिंग क्लार्क श्यामकांत राऊतांची मुलगी. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिने आजवर एकाही मुलाचा हात धरला नव्हता, आणि आता नरपडच्या समुद्राकाठच्या या बंगल्यापुढे, एवढ्या लोकांदेखत...

चौकड्यांचा शर्ट जवळ आला. उंच, सावळा, बोटांच्या पेरांवर काळपट डाग.

"तेलाचे आहेत. धुतले तरी जात नाहीत," तो म्हणाला. "मी सुदर्शन."

"मी विचारलं?"

"नाही. पण बघत होतीस."

नीलमने त्याच्या हातात दोन बोटं दिली. फक्त दोन.

सिनेमाचं नाव अजून ठरायचं होतं, पण गोष्ट सगळ्यांना पाठ झाली होती. नटनट्यांच्या श्रीमंतीने खुळावलेली चार कॉलेजातली पोरं एका मोठ्या नटीच्या बंद बंगल्यात शिरतात, तिचे कपडे घालून मिरवतात, दागिने पळवतात आणि शेवटी पोलिसांच्या हाती लागतात. पोरांच्या टोळीची म्होरकी होती तान्या. तिचा हा दुसराच सिनेमा, पण डहाणूतल्या पानाच्या गाद्यांवर तिचे फोटो केव्हाच लागले होते. पहिल्याच चोरीत ती मोत्याचे डूल ढापते आणि मग सिनेमाभर ते तिच्या कानात हलत राहतात.

गर्दीचं काम सोपं होतं. मागून चालायचं, गप्पा मारायच्या... पण आवाज काढायचा नाही. नुसते ओठ हलवायचे. "काही सुचलं नाही तर पाढे म्हणा," चिमणभाईंनी बजावलं होतं.

कॅमेरा सुरू झाला. सुदर्शनने नीलमच्या डोळ्यांत अगदी जीव ओतून पाहिलं आणि ओठांनी बेचा पाढा सुरू केला. बे दाहे वीसला तर त्याने छातीवर हात ठेवला. नीलमला हसू आवरेना.

"कट! ती हिरवी ओढणी का हसते?"

दोन शॉटच्या मध्ये सुरूच्या झाडांखाली बसून राहावं लागायचं. सुदर्शनचे वडील डाय, म्हणजे दागिन्यांचे साचे, कोरायचे, हे तिला तिथेच कळलं. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, मग सोनारांनी त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवायचा. कॉलेज सुटलं की सुदर्शनही त्याच कामाला बसायचा.

"तुझ्या कानांत काही नाही ते?" त्याने विचारलं.

"लहानपणी टोचले होते. पिकले, मग बुजले. पुन्हा टोचून घ्यायची माझी छाती नाही." तिने ओढणी कानांवर ओढली. "आई म्हणते, भुंड्या कानांची पोरगी कोण करणार."

"मला तर बरे दिसतात."

पुढच्या शॉटला नीलमने अख्खा हात त्याच्या हातात दिला.

आणि दुसऱ्या दिवशी सगळं बिनसलं.

चालता चालता तिच्या लक्षात आलं... हा आपल्याकडे बघतच नाहीये. ओठ पाढे म्हणतायत, हात आपल्या हातात आहे, आणि नजर? नजर थेट फाटकाशी उभ्या असलेल्या तान्याकडे. एकदा नाही, प्रत्येक शॉटला! जेवायच्या सुट्टीत भाताचा घास हातात धरून तो तान्याकडे टक लावून बसला होता.

"गेला बघ तुझा हिरो," पूर्वी नावाची नीलमची मैत्रीण तिला कोपराने ढोसत म्हणाली. ह्या मैत्रिणीच्या वह्यांना फिल्मी मासिकांची कव्हरं असायची आणि तान्या जिथून उठेल त्या खुर्चीवर ती जाऊन बसायची. "आणि जाणारच ना गं! तिची स्किन बघ. तिची चाल बघ. आपण कुठे, ती कुठे?"

नीलमने बघितलं. तान्याचा दर सीनला नवा ड्रेस. आणि हिची रोज तीच हिरवी ओढणी, कारण कालच्या आणि आजच्या शॉटमध्ये माणसं तशीच्या तशी दिसायला हवीत. चिमणभाई त्याला कंटिन्युइटी म्हणायचे.

दुपारी तान्याच्या डुलाचा आकडा निखळला. "कोणी जोडून देईल का?" चिमणभाईंनी हाक दिली आणि सुदर्शन असा धावला की बस्स. त्याने डूल तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. आकडा जोडला आणि तान्याने मान तिरकी करून कान पुढे केला तेव्हा त्याने तो स्वतःच्या हाताने तिच्या कानात घातला.

नीलमने ओढणीचं टोक करकचून पिळलं. रागाने नव्हे... हो, रागानेच! तान्याच्या रागाने, सुदर्शनच्या रागाने, स्वतःच्या भुंड्या कानांच्या रागाने.

"झालं का मनासारखं?" परतल्यावर तिने विचारलं.

"हो," तो खुशीत म्हणाला. "अगदी जवळून बघता आलं."

त्या संध्याकाळी ती पोळ्या लाटत असताना आई म्हणाली, "नीलम, कोणावरचा राग काढतेस त्या कणकेवर? नकाशे झालेत नुसते."

तिसऱ्या दिवशी दुपारी तान्याच्या मेकअपच्या टेबलावरून एक डूल गायब झाला. दुसरा तिच्या कानातच होता. शूटिंग थांबलं. "आधीच्या सीनला कानात आहे, पुढच्याला नाही... लोक हसतील आपल्याला!" चिमणभाई घामाघूम झाले होते. "कोणी घेतला? बोला!"

आणि नीलमच्या तोंडून निघून गेलं, "ह्याला विचारा की. दोन दिवस तिच्या कानावरून नजर हलली नाही ह्याची."

तिला फक्त टोमणा मारायचा होता. पण चिमणभाईंनी त्या टोमण्याचा पुरावा केला. सुदर्शनच्या पिशवीतून एक पत्र्याची डबी निघाली, डबीत कापूस, आणि कापसात डूल! तीच पाकळ्यांची नक्षी, तसाच खाली लोंबणारा मोती.

"वाह रे! आमच्या पिक्चरची स्टोरी तू खरी करून दाखवली," चिमणभाई ओरडले. "ए, जीप काढ. ह्याला पोलीस स्टेशनला घेऊन चल."

"मी चोरले नाहीत. मी बनवलेत," सुदर्शन म्हणाला.

"कोणासाठी?"

त्याने एकदा नीलमकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या नजरेत राग असता तर परवडलं असतं. तो नुसता दुखावला होता.

नीलम पुढे सरकली. पोलीस स्टेशन... ह्याच्या वडिलांकडे सोनार भरवशाने काम देतात. चोर म्हणून एकदा नाव झालं की कोण देणार? आपल्या एका वाक्याने!

"थांबा!" तिने डबी हिसकावूनच घेतली. "गेलाय एकच डूल. डबीत दोन आहेत, दिसत नाही का? ते सोन्याच्या पाण्याचे, हे पितळेचे. आणि काय रे, कोणासाठी केलेस? एवढं लपवण्यासारखं कोण आहे? सांग नाव आणि सूट ना! तान्यासाठीच असणार, म्हणून तोंडाला कुलूप..." बोलता बोलता तिने डूल उलटा केला आणि ती थबकली.

मागे आकडाच नव्हता. छोटा चिमटा होता, कानाच्या पाळीवर दाबून बसवायचा. ज्यांचे कान टोचलेले नसतात, त्यांच्यासाठी करतात तसा.

तान्या पुढे आली. तिने डूल पाहिला, मग तिथे उभ्या असलेल्या एकेका मुलीच्या कानाकडे पाहिलं. कुड्या, रिंगा, बाळ्या... तिची नजर नीलमपाशी येऊन थांबली आणि ती खुदकन हसली.

"सोडा त्याला, चिमणभाई," ती म्हणाली. "माझे कान टोचलेले आहेत."

सुदर्शनने नीलमच्या हातातली डबी काढून घेतली. "आज जाऊन ती डाय मोडून टाकतो," एवढंच म्हणाला आणि सुरूंच्या पलीकडे निघून गेला.

"मग आता सगळ्या पोरींच्या पर्सा बघा!" चिमणभाईंनी हुकूम सोडला. तेवढ्यात पूर्वीने नीलमचा हात घट्ट धरला. तिचा तळवा घामाने चिंब होता आणि त्यात काहीतरी टोचत होतं.

"एकदाच घालून आरशात बघायचा होता गं," ती रडकुंडीला येऊन कुजबुजली. "मग परत ठेवायला गेले तर माणसं... आणि सुदर्शनचं नाव निघालं तेव्हा मला बोलायला तोंडच राहिलं नाही. तो तिच्यावर भाळलाय, हेही मी नुसतं ठोकून दिलं होतं."

तिच्या झिंज्या उपटाव्यात असं नीलमला वाटलं. पण खुळावली कोण नव्हती? ही तान्याच्या नादाने, आपण तान्याच्या द्वेषाने. तिने डूल मुठीत घेतला आणि चिमणभाईंपुढे नेऊन धरला. "टेबलाच्या मागे गवतात पडला होता." चिमणभाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं, पण ऊन उतरत चाललं होतं.

"चला, पोझिशन! हिरवी ओढणी, तुझा जोडीदार कुठाय? तीच जोडी पाहिजे!"

कंटिन्युइटीपुढे सुदर्शनचं काही चाललं नाही. तो आला. त्याने तिचा हात धरला... दोन बोटं, फक्त दोन. कॅमेरा सुरू झाला. ते चालू लागले. त्याचे ओठ मिटलेले. पाढे नाहीत, काही नाही. आता हा शॉट संपेल, युनिट मुंबईला जाईल आणि हा मुलगा पुन्हा आपल्या वाऱ्याला उभा राहणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

तिने ओठ हलवले. तो समोर बघत राहिला. तिने पुन्हा हलवले. त्याने मान दुसरीकडे वळवली.

"अरे, चुकलं माझं!" नीलम खणखणीत आवाजात म्हणाली. "तू तिच्याकडे बघितलंस की माझा जीव जळतो. कारण मला तू आवडतोस! ऐकू आलं?"

"कट! कट! कट!"

बंगल्याच्या गच्चीवरचे लाइटवाले टाळ्या पिटू लागले. फाटकाशी तान्या पोट धरून हसत होती. डायरेक्टरने टोपी जमिनीवर आपटली. "ह्या दोघांना बाहेर काढा आधी! गेली खड्ड्यात कंटिन्युइटी!"

दोघं बाहेर, समुद्राकडच्या वाटेवर आले. सुदर्शनच्या ओठांचा कोपरा हलत होता.

"डाय खरंच मोडणार?" तिने विचारलं.

"पोलादाची आहे ती. माझ्याच्याने मोडणार नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस? तिच्याकडे एवढा टक लावून बघत होतास..."

"सांगितलं असतं तर तू डूल करू दिले असतेस का? भांडत बसली असतीस."

ते खरंच होतं. पण मनातलं कुसळ अजून पुरतं निघालं नव्हतं. नीलम थांबली. "खरं सांग. दिसायला कशी आहे रे तान्या?"

सुदर्शनने मनापासून आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले.

"काय सांगू..." तो ओशाळून म्हणाला. "मी तिला कानापर्यंतच बघितलंय."

नीलमने ओढणी मागे सारली, मान वळवली आणि कान पुढे केला.

"घाल," ती म्हणाली. "आणि माझ्या कानापाशी थांबायचं नाही. माझ्याकडे बघायचं."