सात ते नऊचा नियम

"मला नाव हवंय," गणिताच्या बाई खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाल्या. "उद्या सकाळी अकराच्या आत. एकदा नाव कळू दे, त्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही मी."

"आधी तुम्ही प्या," आक्का म्हणाल्या आणि ग्लास पुढे सरकवला.

आक्कांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. निवृत्तीनंतर खासगी तपासाचा उद्योग सुरू केला, तोही त्याच शांतपणे. शेजारचे चित्रकलेचे मास्तर वही घेऊन त्यांच्यासोबत असत. मास्तर सगळं लिहून घेत, त्यातलं निम्मंच त्यांना कळे. पण अक्षर असं सुरेख, की आक्का तक्रार करत नसत.

बाईंनी हकिगत सांगितली. त्या बावीस वर्षं शाळेत शिकवत होत्या आणि परीक्षा मंडळासाठी प्रश्नपत्रिकाही काढत. गेल्या मंगळवारी संध्याकाळी सात चाळीसला त्यांची प्रश्नपत्रिका ईमेलने एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचली, खाली बाईंचं नाव घालून. ईमेल बाईंच्याच घरच्या इंटरनेटवरून गेला होता.

"म्हणजे घरातल्या कुणीही पाठवला असेल," मास्तर म्हणाले.

"तिथेच तर घोडं पेंड खातंय. राउटर मी स्वतः लावलाय. संध्याकाळी सात ते नऊ फक्त माझा कॉम्प्युटर चालतो, बाकीच्यांची यंत्रं बंद. रात्री नऊ ते सकाळी सहा सगळ्यांचंच बंद. गुप्ततेची हमी म्हणून हे मी मंडळाला लेखी दिलंय. आता ते तोच कागद माझ्या तोंडावर फेकतायत. सात चाळीसला तुमच्याशिवाय कुणाचं इंटरनेट चालूच नव्हतं, म्हणतात."

"आणि प्रश्नपत्रिका कुठे होती?"

"राउटरला जोडलेल्या डिस्कवर. घरच्या वायफायवरून उघडते ती." बाईंचा आवाज जरा खाली आला.

"नियमातून कधी कुणाला सवलत?"

"एकदा दिली की सगळे मागतात. दोन महिन्यांपूर्वी आत्याबाई शेवटच्या दुखण्यात होत्या, तेव्हा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी मागितली होती. मी नाही म्हटलं. साठ पोरांचा वर्ग असाच सांभाळते मी."

"तुमचा संशय कुणावर?"

"थोरल्या जावेवर. माझी नोकरी तिच्या डोळ्यांत खुपते. उद्या चौकशीत तिचं नाव घेता आलं ना, तर मी तिची घराबाहेर वरात काढीन."

घर दुमजली होतं. खाली दिवाणखाना, त्याला लागून एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला सासऱ्यांची खोली. वर एक भाडेकरू. दोन्ही सुनांचे नवरे महिनाभर कामासाठी बाहेर होते.

राउटर कपाटात कुलूपबंद होता. बुधवारी दुपारी मंडळाचा फोन आल्याबरोबर बाईंनी घरी येऊन त्याच्या सगळ्या वायरी उपटल्या होत्या.

"उपटल्यात कशाला?" आक्का म्हणाल्या. "कोण कधी जोडलं गेलं याच्या नोंदी असतात त्यात. वीज गेली की पुसल्या जातात."

राग बाईंच्या नाकावर बसलेला असे, आणि या वेळी त्याने मालकिणीचंच नुकसान केलं होतं.

"सेटिंगचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक?"

"फक्त मला."

आक्कांनी डबी उलटी केली. तळाच्या चिठ्ठीवर कंपनीने छापलेला, त्यांच्या सगळ्या राउटरना एकच असलेला पासवर्ड होता. वायरी परत जोडून तो घालताच पडद्यावर सेटिंगचं पान उघडलं. साठ पोरांना वठणीवर आणणाऱ्या बाईंनी पासवर्ड कधी बदललाच नव्हता.

"मास्तर, लिहा. सात ते नऊचा नियम जागेवर. रात्रीचा नियमही जागेवर. सिग्नलची ताकद सगळ्यांत कमी. चॅनल, म्हणजे लहरींचा पट्टा, आपोआप निवडण्याऐवजी हाताने ठरवलेला. आणि घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर."

"यातलं मी काहीच बदललेलं नाही," बाई म्हणाल्या. "ताकद मी पूर्ण ठेवली होती."

थोरली जाऊ स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"माझ्यावर संशय आहे ना? असू दे. तिच्या घरात पाल चुकचुकली तरी ती मीच शिकवलेली असते."

"मंगळवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"इथेच, फोनवर मालिका बघत. एरवी सातच्या ठोक्याला बंद पडते, त्या दिवशी शेवटपर्यंत चालली. म्हटलं, धाकटीला दया आली की काय. कसली दया? दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरापर्यंत नेटचा पत्ता नाही."

मास्तरांनी "साडेअकरापर्यंत" लिहून त्याखाली सवयीने रेघ मारली.

"आत्याबाई वारल्या तेव्हा तुम्ही घरी होतात?"

"माहेरी होते. असते तर माझा फोन दिला नसता बाबांना? त्यांच्याकडे नुसता टॅब, तोही वायफायवर चालणारा." तिने एक देठ कचकन मोडला. "पाठची बहीण होती त्यांची. रोज सहाला बोलायची. त्या दिवशी निरोप आला, आज साडेसातला बोलते. त्या संध्याकाळी बोलणं झालं नाही आणि पहाटे ती गेली."

वरचा भाडेकरू कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. बाईंच्या नियमांमुळे त्याचं डोकं फिरलेलं होतं आणि ते तो लपवतही नव्हता.

"दिवसा निदान नेट असायचं. मंगळवारी दुपारपासून तेही गेलं, सिग्नलची एक काडी दिसेना. शेवटी फोनच्या नेटवर काम केलं. गिऱ्हाईक दोन तास डोक्यावर बसलं होतं, विचारा त्याला. सातला आला आणि नऊला गेला."

आक्कांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. त्याने दोन तासांचं रडगाणं नव्याने ऐकवलं.

सासऱ्यांची खोली टापटीप होती. टॅबवर पत्त्यांचा डाव मांडलेला होता. भिंतीवर फोटो होता, जहाजाच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला तरुण. शेजारचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं.

"लावून देऊ का हो?" मास्तरांनी विचारलं.

"राहू द्या. बरोबर आहे ते." म्हाताऱ्याचा आवाज इतका हलका, की मास्तरांना वाकावं लागलं. म्हातारा किंचित हसला. "समोरच्याला पोचेल तेवढंच बोलावं. जास्तीचा आवाज म्हणजे दुसऱ्याच्या कामात अडथळा. बिनतारी संदेशांच्या खोलीत पस्तीस वर्षं हेच केलं."

"या राउटरमधलं कळतं का तुम्हाला?" आक्कांनी विचारलं.

"ही नवी यंत्रं. मला काय कळणार?"

चार वाजता आक्कांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. बाई जावेकडे टक लावून बघत होत्या. जाऊ छताकडे.

"बाई, तुम्ही पेपर फोडला नाहीत," आक्का म्हणाल्या. "आणि तुमच्या जाऊबाईंनीही नाही."

"तिची बाजू घेऊ नका."

"ऐकून घ्या. पैशासाठी फोडणारा पेपर विकतो. इथे तो वर्तमानपत्राला फुकट दिला, तुमचं नाव घालून. मंडळाने पेपर बदलला, एकाही पोराचा फायदा झाला नाही. म्हणजे पाठवणाऱ्याला फक्त तुम्हाला बुडवायचं होतं."

"पण सात चाळीसला नेट बंद होतं ना?" मास्तर म्हणाले.

"घराच्या घड्याळाने. राउटरचं घड्याळ कुणीतरी साडेपाच तास मागे नेलं होतं. सात चाळीसला त्याच्या हिशेबी दुपारचे दोन दहा, सगळ्यांचं नेट चालू. म्हणून मालिका थांबली नाही. आणि रात्री नऊ ते सकाळी सहाची बंदी सरकून रात्री अडीच ते सकाळी साडेअकरा झाली. नियम काढला असता तर बाई सुटल्या असत्या. तो तसाच ठेवला, म्हणजे फास त्यांच्याच दोरीचा."

"मग जाऊबाईच का नाही?"

"बाईंना सुटायला एकच दोर होता, त्या संध्याकाळी नेट बंद पडलं नाही हा. तो जाऊबाईंनी न विचारता हातात दिला. अडकवणारा माणूस असं करील का?"

थोरलीने पहिल्यांदाच धाकटीकडे पाहिलं.

"भाडेकरूच्या खोलीत तेव्हा सिग्नलच नव्हता, गिऱ्हाईक साक्षीला आहे. आता ही ताकद. चोरून नेट वापरणारा सिग्नल वाढवतो. या माणसाने तो सगळ्यांत कमी केला आणि मोकळा चॅनल शोधून लावला. त्याला शेजारच्याच खोलीतून बोलायचं होतं, आणि गरजेपेक्षा जास्त ताकद वापरायची नाही हे बिनतारीवाल्याच्या हाडात मुरलेलं असतं. घड्याळ मागे न्यायला कुठलीही वेळ चालली असती. त्याने निवडली जहाजावर संदेश नोंदवायची जागतिक वेळ, तीच आजही त्याच्या भिंतीवर आहे. मास्तर, तुम्ही ती दुरुस्त करायला निघाला होतात."

मास्तरांनी वही मिटली.

"बाबा?" बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"हो," म्हातारा तितक्याच हलक्या आवाजात म्हणाला. "दहा मिनिटं मागितली होती मी तुझ्याकडे, या दारात उभं राहून. तू मान वर करून पाहिलंसुद्धा नाहीस. मी टॅब मांडीवर घेऊन नऊपर्यंत बसलो आणि नऊला सगळंच बंद झालं. दोन महिने तुझ्या पंक्तीला बसून जेवलो. प्रत्येक घासाला ठरवत होतो, हिचं जे सगळ्यांत जिवाचं आहे तेच घ्यायचं."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "कबुली लिहिलेली आहे, सहीसकट. पण उद्या तुझी चौकशी संपल्यावर देणार होतो. दहा मिनिटांनी."

आक्का तीस वर्षं लोकांची भांडणं तारेवरून ऐकत आल्या होत्या. असं हलक्या आवाजातलं भांडण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

"उद्या मी हा भर चौकशीत वाचून दाखवणार. पोलीस येतील. तुमचं वय बघणार नाही मी."

"बघू नकोस. मी तुझी बावीस वर्षं बघितली नाहीत."

बाई कागद पर्समध्ये घालून दारापर्यंत गेल्या. उंबऱ्यावर थांबल्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "आत्याबाईंना त्या दिवशी काय सांगायचं होतं?"

"ते कळलं असतं," म्हातारा म्हणाला, "तर मी तुझ्या वाट्याला गेलो नसतो."