डाव्या सीटवरचा कट्टा

किन्हवली मागे पडलं आणि गाडीच्या मागच्या बाजूने आवाज येऊ लागला… टक्, टक्. सरळगावात एका गॅरेजसमोर थांबले, म्हणून कुंडलिक भेटले. नाहीतर एकाहत्तराव्या वर्षी नवं कोण भेटतं?

गाडी बाबांची. लाल, उघड्या टपाची, दोनच सीटची. ते गेल्यापासून चाळीस वर्षं मीच चालवते. आधी शहापूरच्या शाळेत शिकवायला जायचे, आता उगीचच फिरते. माझं लग्न राहून गेलं. आणि बाईंच्या गाडीत शेजारी बसायला सगळे कचरत.

कुंडलिकांनी मागची दोन्ही चाकं आणि वरचा पत्रा यांच्यामधली फट वितीने मापली. उजवीकडे एक वीत, डावीकडे वीत आणि चार बोटं. मग जॅक लावून चाकं हलवून पाहिली, खाली सरपटत गेले. बाहेर आले तेव्हा पांढऱ्या मिशीला ग्रीस लागलं होतं. मी रुमाल पुढे केला. तो घडी न मोडता त्यांनी खिशात ठेवला आणि मिशी बाहीला पुसली.

"बाई, ॲक्सल ठणठणीत हाय. उजवा स्प्रिंगचा पाटा दबलाय. डावा मात्र कोरा."

"म्हणजे?"

"म्हणजे… तुमच्या शेजारी कोण बसतच नाय."

गाडीखाली जाऊन इतकं कळतं? मी पदर सारखा केला. "गाडीचं सांगा."

"गाडीचंच सांगतोय. पाट्याचा डावा रबरी बुश झिजलाय. त्या बाजूला भार नाय, म्हणून पाटा वाजतो. थांबा, मी बसतो."

आम्ही टोकावड्यापर्यंत गेलो. दुतर्फा भात पोटरीला आलेला. ते कान देऊन बसले होते, आणि मी श्वासही जपून घेत होते. आवाज एकदाही आला नाही.

बुश परदेशातून यायचा होता. तोवर त्यांनी घरच्या तांदळाचा कट्टा डाव्या सीटवर ठेवला, वर पट्टाही लावला.

"हे काय?"

"मी थोडाच रोज येणार?"

"आला असतात?"

"तुमी विचारलंत कुठं?"

तांदूळ सुवासिक होता. एक दिवस वाटीभर काढला. मग रोजच.

दिवाळीनंतर पुन्हा टक्, टक्.

कुंडलिक कट्टा उचलून हसत सुटले. "भारच खाल्लात?"

"अर्धाच. एकटीला कितीसा लागतो…"

त्यांचं हसू थांबलं. "माझ्या घरीबी वाटीभरच शिजतो, बाई. मंडळी जाऊन नऊ वरसं झाली." मग सदऱ्याला हात पुसत म्हणाले, "बुश आलाय. बसवतो."

दुपारपर्यंत बसवला. उरलेला कट्टा माझ्या सीटमागे ठेवला. "आता एकट्या असलात तरी आवाज नाय येणार."

"मग… येते."

"या," ते म्हणाले. माझा रुमाल अजून त्यांच्या खिशातून डोकावत होता.

किन्हवलीपर्यंत गाडी अगदी गप्प. चाळीस वर्षांत इतकी गप्प कधीच नव्हती. शेजारच्या सीटवर तांदळाचे चार दाणे तेवढे राहिले होते. मी गाडी वळवली.

ते गॅरेजच्या दारातच उभे होते.

"काय झालं?"

"आवाज येतोय… डावीकडून. बसून बघा."

ते बसले. कापलेली शेतं मागे पडत गेली. टोकावडं आलं, गेलं.

"येतोय ना?" मी समोर बघतच विचारलं.

"येतोय," कुंडलिक म्हणाले. "पण लई बारीक हाय. बरेच दिस बसून बघावं लागंल."