चपलांचा दगड

धर्मेंद्र, गाडीची चाबी ठेव खाली. जाजा ना धरनावर, पार्टी काही पळून नाही चालली. मटन अजून शिजूनच राहिलं. माह्या, या शेषरावच्या ओट्यावर अर्धा घंटा बसले तं तुमची रात काही कमी होत नाही. अन् पान्यात उतरायचा इचार असन, तं हे ऐकूनच जा. माह्या सोबत्याची गोष्ट हाये, रहमतुल्लाची. ऐकीव नाही, घडलेली.

रहमतुल्ला आपल्या धरनावर चौकीदार होता, एकोनतीस वर्सं. मातीचं धरन हाये ते लेकाहो, पोटात पानी घेऊन बसलेली मातीची भिंत. गावाच्या अंगानं भिंतीच्या पायथ्याशी पाझर येते, तो रोज पाहा लागते. रहमतुल्ला काचेच्या गिलासात पाझराचं पानी धरे अन् ब्याटरी लावून पाहे. निवळ असलं तं घोर नाही. गढूळ आलं, म्हनजे भिंतीतली माती वाहून राहिली. मंग गाव उठवा. एकोनतीस वर्सांत त्याच्या गिलासात गढूळ पानी एकदाही आलं नाही.

दुसरं एक काम त्यानं सोताच लावून घेतलं होतं. चौकीच्या बाजूले एक चपटा दगड हाये, तुमी बाटल्या ठेवता तोच. पान्यात उतरनाऱ्यानं चपला त्या दगडावर काढायच्या, नाक गावाकडे. भाईर आला का पाय घातले अन् सिधा घरी. दिवस बुडताना रहमतुल्ला दगड पाहे. चपला दिसल्या का शिट्टी मारे, मालक भाईर येईपर्यंत मारत राहे. दगड रिकामा झाल्याबिगर तो घरी जात नव्हता. साऱ्या गावाले ठाऊक होतं, दगडावर चपला नाही म्हनजे पान्यात मानूस नाही.

दोन हजार तेवीसचा पोळा गुरुवारी होता. दुसऱ्या दिवशी कर. सारं गाव करीच्या मटनात. महादेवरावचा विपुल तवा भरतीची तयारी करून राहिला होता. चपला दगडावर काढून, चड्डी-बनियनवर, अनवानी, भिंतीवरून चार चकरा पळे अन् तसाच डुबकी मारे. मोठा गोड पोट्टा. चाचा चाचा करत रहमतुल्लाच्या चौकीतला माठ भरून ठेवे. त्या दुपारी भरतीची यादी लागली. दोन मार्कानं राहिला. बाप तापला. भरल्या ताटावर म्हनला, "तोंड दाखवू नको मले." बाप बोलते रे, बोलून जाते. पोट्टा ताटावरून उठला अन् सांच्याले धरनावर गेला.

तिकडे रहमतुल्लाच्या भाचीचं, उज्माचं, बाळापूरले लगन होतं. साहेबाले न सांगता निंगाला होता हा. पावनेसहाले भाचा अजहर फटफटी घेऊन आला, हॉर्नवर हॉर्न. रहमतुल्लानं दगड पाह्यला. निळ्या पट्ट्याच्या चपला. डाव्या पट्ट्याले तांब्याची तार बांधलेली. विपुलच्या. पान्याकडे पाह्यलं, पानी शांत. त्याले वाटलं, पोट्टा तिकडच्या टोकाले पळून राहिला असन. अन् मागच्याच हप्त्यात कुत्र्यानं याच पोट्ट्याची एक जोडी फाडली होती. म्हनून भल्यासाठी, भल्यासाठीच रे बापा, त्यानं चपला उचलल्या, पेपरात गुंडाळल्या, चौकीतल्या लोखंडी पेटीत टाकल्या, कुलूप लावलं अन् फटफटीवर बसला.

रात्री पोट्टा घरी आला नाही. लोक ब्याटऱ्या घेऊन धरनावर धावले. दगड रिकामा. "पान्यात नाही," म्हनले, अन् अकोल्याच्या स्टेशनावर, बसस्टँडवर धुंडत बसले. तिसऱ्या दिवशी, रहमतुल्ला लगनातून परतला तवा, विपुल सोताच पान्यावर आला.

मंग गावानं अर्थ लावला. पोहायले गेला असता, तं चपला दगडावर असत्या. चपलासगट गेला, म्हनजे जीव द्यायलेच गेला. बापाच्या बोलन्यानं गेला.

महादेवराव तेव्हापासून रोज सांच्याले धरनावर येऊ लागला. झुडपं चाळे, दगडधोंडे उलथे. रहमतुल्लाले इचारे, "दिसल्या का रे भाई, चपला? एक जरी सापडली, तं समजन मले का तो पोहायले गेला होता." अन् रहमतुल्ला खाली पाहून म्हने, "नाही, भाऊ."

चाळीस दिवस हेच. पेन्शनले दोन वर्सं राहिले होते. ड्यूटी सोडून गेला होता. मेलेल्या पोट्ट्याच्या चपला याच्या पेटीत, पोलीस काय म्हनतील, गाव काय म्हनन? अन् सगळ्यात मोठं म्हनजे, तवा शिट्टी मारली असती तं... हे त्याले सोताशीही बोलवत नव्हतं. भेकड होता का? होता. मीही असतो. तुमीही असते, उगाच छाती फुगवू नोका.

दसऱ्याचा दुसरा दिवस. पंचवीस ऑक्टोबर, बुधवारची रात. बारा वाजून गेले, एक वाजून गेला. सांच्याले पानी पडून गेलं होतं, म्हनून रहमतुल्ला गिलास अन् ब्याटरी घेऊन पाझर पाहायले उतरला. निवळ. पायऱ्या चढून भिंतीवर आला. वारा पडलेला. चांद मावळतीले टेकलेला.

तिकडच्या टोकाहून आवाज आला. थप, थप, थप. अनवानी पाय. कोनीतरी पळून राहिलं होतं.

त्यानं ब्याटरी मारली. भिंत रिकामी.

आवाज जवळ आला. अंगावरून गेला. ओल्या कपड्याचा गारवा गालाले लागला. दगडापाशी जाऊन पाय थांबले.

थांबले...

मंग परत फिरले. पळत टोकाले गेले, पळत आले. दगडापाशी थांबले.

दोन चकरा. तीन. रहमतुल्लाले हलता येईना. चवथीनंतर काय, हे त्याले ठाऊक होतं. चवथीनंतर डुबकी, अन् मंग पोट्टा घरी जाते. अन् घरी जायले चपला लागतात.

चार.

दगडापाशी काहीच नाही... काहीच नाही... मंग चौकीच्या दारातून. टप... टप... पानी गळल्यावानी.

"विपुल?"

टप...

"बेटा, मी ठेवल्या रे. कुत्रे नेतील म्हनून... मी ठेवल्या."

गळनं थांबलं.

चौकीत कोनी नव्हतं. पेटीचं कुलूप जसंच्या तसं. त्यानं ते उघडलं. पेटीत पेपर होता, चिंब ओला. चपला नव्हत्या.

आता पाहा. पुरावाच गेला होता. चूप बसला असता, तं जलमभर कोनाले कळलं नसतं. हे त्याच्या ध्यानात आलं, त्यानं सोता मले सांगतलं. तरी तो मानूस चौकी उघडी टाकून गावाकडे निंगाला. तुरीच्या वावरातून, पोटरीएवढ्या काळ्या चिखलातून. गिलास हातातच राहिला, त्याचंही भान नाही.

महादेवराव अंधारात ओट्यावर बसलेला. झोप कोठची त्याले.

"महादेवभाऊ, मी तुमचा गुन्हेगार हाये," रहमतुल्ला अंगनातूनच म्हनला. अन् सारं सांगून टाकलं. फटफटी, कुत्रे, पेटी, चाळीस दिवसांचं 'नाही भाऊ'. काहीच राखलं नाही.

 महादेवराव उठला अन् त्याची गचांडी धरली. "रोज इचारलं तुले मी. रोज! या हातानं झुडपं चाळली रे मी, काटे पाहा माह्या हातातले."

"हो, भाऊ."

"डाव्या पट्ट्याले काय होतं? सांग."

"तांब्याची तार."

गचांडी सुटली. "करीच्या सकाळीच बांधली होती मी," महादेवराव म्हनला. "कोठी हायेत?"

"पेटीत होत्या. आता... नाहीत."

"खोटं बोलून राहिला तू! आताही?"

आवाजानं आशाबाई उठली, विपुलची माय. तिनं भाईरचा बलब लावला, दार उघडलं, अन् खाली बोट केलं.

उंबरठ्यापाशी, घरच्यांच्या चपलांच्या लाईनीत. निळ्या पट्ट्याच्या. डाव्या पट्ट्याले तार. नाक घराकडे.

महादेवराव गुडघ्यावर आला. तार चाचपली. त्याच्याच हाताचा पीळ होता. मंग जो रडला तो मानूस, चाळीस दिवसांचं एका वेळी रडला. "आशे, पोट्टा पोहायले गेला होता वं. नुसता पोहायले. जीव द्यायले नव्हता गेला... आपल्यावर रागावून नव्हता गेला वं तो."

 आशाबाई पदरानं एकएक चप्पल पुसत बसली.

महादेवरावनं रहमतुल्लाले माफ केलं का, म्हनून इचारता? नाही केलं. आजही बोलत नाही. रहमतुल्लानं सकाळी साहेबाले लेखी दिलं, नोकरी गेली. बरोबर झालं, असं तोच म्हनते.

पन त्या रात्रीचं एक राहिलं. धरनापासून घरापर्यंत चिखल. रहमतुल्लाचे पाय पोटरीपर्यंत काळे. अन् त्या चपलांच्या तळाले मातीचा कन नव्हता. आशाबाई पुसे, अन् पट्ट्यातून पानी गळे. पुसे, अन् गळे. एकोनतीस वर्सांची सवय, काय करता, रहमतुल्ला खाली बसला. हातातला गिलास त्यानं पट्ट्याखाली धरला, मंग बलबाच्या उजेडात वर केला.

पानी निवळ होतं.