पाचच्या आत सात कागद

"गेलं! पुन्हा गेलं!"

सुजाताताईने कपाळावर हात मारला. लॅपटॉपच्या पडद्यावर पांढरं पान आणि मधोमध एक गोल चकरी, आपली फिरतेय गरगर! सातपैकी पाच कागद चढले होते, सहावा अर्ध्यावर होता, आणि आता सगळं पुन्हा पहिल्यापासून!

"कितव्यांदा गं?" बाळूने दारातून विचारलं.

"तिसऱ्यांदा. तू जरा गप बस!" माया म्हणाली.

सुजाता मायाची थोरली बहीण, बाळू धाकटा भाऊ. तोंडाला कुलूप म्हणून नाही! शेजारची राजनंदिनी मायाच्याच वर्गातली, दोघी यंदा आठवीत जाणार. सुट्टीत रोज दुपारी विहिरीवर पोहायला जायचं, असं तिघांचं पक्कं ठरलेलं होतं. पण आज पोहण्याचं नाव कुणीच काढलं नाही. आज ताईचा दिवस होता, आणि तो हातातून निसटत चालला होता.

ताईला नर्स व्हायचं होतं. नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख, आणि वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. उत्पन्नाचा दाखला केजच्या तहसीलमधून कालच हातात पडला होता. मोबाईलवर फॉर्म उघडतच नव्हता, आणि त्यांच्या गावचा, नांदूरघाटचा, ऑनलाइन सेंटरवाला दुकानाला कुलूप लावून लग्नाला गेला होता. म्हणून राजनंदिनीने तिच्या हनुमानदादाचा जुना लॅपटॉप आणला. त्याला नेट दिलं ताईच्या मोबाईलचं. पण त्या फॉर्मची एक अट होती. सातही कागद एकाच बैठकीत चढवायचे. मध्येच नेट तुटलं, की केलेलं सगळं पाण्यात!

आणि यंदा हुकलं तर? तर आत्याने आणलेल्या जुन्या ओळखीतल्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरात बोलणं झालं होतं. ताई त्यावर काही बोलली नव्हती. तिने फक्त वर्षभर मान मोडून अभ्यास केला होता.

घड्याळात साडेतीन वाजायला आले होते. आई, म्हणजे मालनबाई, चुलीपाशी बसून नुसतीच दाराकडे बघत होती. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मोबाईलवर तर नेट चालू हाय," राजनंदिनी म्हणाली, "आणि लॅपटॉपवरच्या नेटच्या काड्या बी पूर्ण भरल्यात. मग कावून चालत न्हाई?"

"माझं नशीबच..." ताईचा आवाज फुटला.

"नशीब न्हाई, ताई! काहीतरी कारण हाय," माया म्हणाली. खरं तर तिलाही रडू येत होतं. पण गणित सुटेना की दिलेल्या गोष्टी आधी एकाखाली एक लिहायच्या, हे तिला शाळेत बाईंनी शिकवलं होतं. तिने वही ओढली. "नेट कधी कधी गेलं, सांग."

"अडीचला. मग तीनला एक-दोन मिनिटं कमी होती तेव्हा. आणि आत्ता."

"आणि परत कधी आलं?"

"दहा-बारा मिनिटांनी. आपोआप."

"आपोआप काही होत नसतं! बाळू, तू ओट्यावर जाऊन बस. रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं."

बडबडीचं काम मिळाल्यावर बाळूला आणखी काय हवं! तो ओट्यावरून ओरडू लागला, "शेळी गेली! गारेगारवाला आला! गारेगारवाला थांबला! मी घेऊ का एक?"

"न्हाई!" आतून दोघी एकदम ओरडल्या.

"रामकिसनकाकाची जीप निघाली!"

"नेट आलं!" ताई दचकून म्हणाली आणि लगबगीने पहिला कागद चढवू लागली. एक झाला. दोन झाले. मोबाईलचं नेट असं मंद, की प्रत्येक कागद म्हणजे चढावरची बैलगाडी! चार झाले. चार वाजायला दोन मिनिटं होती.

"जीप आली!" बाहेरून बाळू ओरडला.

"गेलं..." ताईने लॅपटॉपवरचे हात उचलले आणि तोंड झाकून घेतलं.

माया आणि राजनंदिनीने एकमेकींकडे बघितलं आणि दोघी ओट्यावर धावल्या.

रामकिसनकाकांची जीप नांदूरघाट ते केज चालायची. पण जीप भरल्याशिवाय गाव सोडायचं नाही, हा या रस्त्याचा कायदाच! सगळी माणसं लग्नांना पांगलेली, म्हणून काका आज अर्धी जीप घेऊन गावात चकरा मारत होते. वेशीपर्यंत जायचं, "केज, केज, केज!" ओरडायचं, आणि परत येऊन मायाच्या ओट्यासमोर गाणी लावून उभं राहायचं.

"हॉर्नमुळे नेट जात आसंल?" बाळू म्हणाला.

"मग केजात कुणालाच नेट मिळालं नसतं, येड्या!" राजनंदिनी म्हणाली. आणि बोलता बोलता ती एकदम थांबली. "माया, जीपच्या काचेवर बघ काय लिहिलंय!"

काचेवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : फुकट वायफाय!

माया धावत आत गेली. कोपऱ्यातल्या काड्यांच्या चित्रावर तिने बाण नेऊन दाबलं. आतापर्यंत सगळ्यांनी काड्या मोजल्या होत्या, पण त्या कुणाच्या आहेत हे कुणी बघितलंच नव्हतं! तिथे ताईच्या मोबाईलचं नाव नव्हतं. तिथे होतं रामकिसनकाकांचं नाव! तिने ताईच्या मोबाईलचं नाव निवडून पाहिलं, तर क्षणात पुन्हा काकांचंच!

"आपला लॅपटॉप ताईच्या मोबाईलला सोडून जीपमधल्या नेटकडे पळतोय!"

तिघं जीपकडे धावली. "काका, तुमच्या वायफायचा बॉक्स बंद करा! ताईचा फॉर्म अडकलाय!"

रामकिसनकाका खो खो हसले. "माझ्या जीपनं फॉर्म अडतो? ऊन लागलं का रं पोरांनो?"

"पण त्याच्यात नेट येतच न्हाई!"

"येईल कसं? दिवाळीपासून रिचार्ज कुठं मारलाय!" काका आवाज बारीक करून म्हणाले. "पर निळा दिवा लागतो की! दिवा बघून माणूस बसतो."

"मग जीप जरा पुढं तरी घ्या!"

"तीन शिटा भरू दे, मग केजलाच नेतो. जावा, खेळा!"

सव्वाचार! राजनंदिनीने घाईघाईने हनुमानदादाला फोन लावला.

"ए, त्याला हात लावू नका!" दादा पलीकडून खेकसला. "मी रोज जीपमध्ये मॅच बघायचो, म्हणून तेच नाव सगळ्यात वर ठेवलंय. आता तिथं नेट न्हाई, म्हाईत हाय मला. बघू नंतर. मी कामात हाय!" आणि फोन बंद.

बाळू रडवेला झाला. "आता काय करायचं?"

माया मात्र पुटपुटत होती, "सगळ्यात वर ठेवलंय... वर ठेवता येतं, म्हणजे खाली पण ठेवता येत असणार!"

"हात लावू नका म्हणाला दादा," राजनंदिनी म्हणाली. मग तिने ताईकडे पाहिलं. ताई भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे, नजर कुठेतरी लांब. राजनंदिनीने ओठ चावला. "कर तू! दादाची बोलणी मी खाईन."

मायाने एकेक पान उघडायला सुरुवात केली. सगळं इंग्रजीत! चुकीचं पान उघडलं, बंद केलं. दुसरंही चुकीचं. "घाई नको," ती स्वतःलाच बजावत होती, "प्रत्येक ओळ वाच." आणि चार वाजून चोवीस मिनिटांनी ती यादी सापडली! लॅपटॉपने आजवर ओळख ठेवलेली अकरा नेटची नावं. पहिल्या नंबरवर जीप. ताईचा मोबाईल आजच जोडलेला, म्हणून अगदी तळाला. ताईच्या मोबाईलचं नाव उघडलं, तर आत एका ओळीपुढे बरोबरची खूण : यादीत वरचं नेट दिसलं, की हातातलं सोडून तिकडे जा!

"पुसून टाक ते नाव!" बाळू म्हणाला.

"पुसायचं कशाला? दादाचं हाय ते. फक्त खाली ढकलू." तिने ताईचं नाव निवडलं आणि वरच्या बाणावर दाबत राहिली. दहावा, नववा, आठवा... पहिला!

काड्या क्षणभर विझल्या. मग काड्या पुन्हा लागल्या. आणि नाव? ताईचं!

"ताई, ऊठ! लवकर!"

ताई उठली. ती भराभर कागद चढवू लागली. बाहेर जीप तशीच उभी होती, गाणी तशीच वाजत होती, निळा दिवा तसाच लुकलुकत होता. एक कागद. दोन. तीन. पावणेपाच. चार. पाच. सहाव्याला चकरी फिरत राहिली, फिरत राहिली... आईने चुलीपाशीच हात जोडले. सहावा झाला! सातवा, उत्पन्नाचा दाखला. चार त्रेपन्न. चार चोपन्न. ताईने शेवटचं बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग हिरव्या अक्षरांत एक लांबलचक नंबर उमटला.

"झाला," ताई हळूच म्हणाली. "झाला गं!" आणि दिवसभर अडवून धरलेलं रडू तिला आत्ता फुटलं.

बाळूने ओट्यावर जाऊन ही बातमी अख्ख्या गल्लीला दिली. जीपच्या जुनाट बॉक्सची हकिगतही मीठमसाला लावून सांगितली. जीपमध्ये बसलेल्या छबुबाई तावातावाने खाली उतरल्या.

"रामकिसन! फुकट नेट हाय म्हणून मला तासभर बसवलंस. नातीला फोनवर बघायचं होतं मला! दिवाळीपासून नुसता दिवा दावतोस व्हय?"

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यांनी आधी काचेवरचा कागद नखाने खरवडून काढला, मग ओट्यापाशी येऊन उभे राहिले. "सुजाता, चुकलं माझं. पोरं सांगत होती आणि मी हसलो. मोठ्या माणसाला जे सुचलं न्हाई, ते ह्यांनी शोधून काढलं. लई हुशार हायेत!"

आईने तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. असं ती कधीच बसली नव्हती.

"माया, नेमकं काय केलंस? मला दाव."

मायाने ती यादी पुन्हा उघडली आणि एकेक ओळ बोटाने दाखवत समजावून सांगितली. आई नीट ऐकत होती.

"म्हंजी जो जुना ओळखीचा, त्याच्याच मागं जायचं," ती म्हणाली. "त्याच्याकडं काय हाय का न्हाई, ते बघायचंच न्हाई. आपण बी तेच करत होतो की."

आईने पदराने हात पुसले आणि मोबाईल उचलला.

"वन्सं, मी मालन बोलतेय," ती शांतपणे म्हणाली. "त्या स्थळाला न्हाई म्हणून कळवा. आमची सुजाता नर्स होणार हाय."