मोटारीच्या पेटीतली बाई

धाकट्या बहिणीच्या नातीच्या हळदीला बनुबाई सकाळच्या एसटीनं श्रीगोंद्याला निघाल्या, तेव्हा पिशवीत दोन खण, पावशेर पेढे आणि वरच्या कप्प्यात मोबाईल होता. हळद हे निमित्त. खरी हौस मोबाईल मिरवायची होती, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी एवढी हौस कुणी केली तर बिघडलं काय?

त्यांच्या कर्जतकडच्या खालच्या रानात, विहिरीवर, मुलानं म्हणजे बिभीषणनं मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला होता. एक लोखंडी पेटी, तिच्यात सिमकार्ड. त्या नंबरावर फोन लावला की पेटीतली बाई बोलायची, "नमस्कार. मोटार बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबला की मोटार सुरू, मग तुम्ही रानात असा नाहीतर नगरच्या बाजारात. याच मोटारीपायी बनुबाईंच्या निम्म्या जन्माच्या झोपा मोडल्या होत्या. लाईट येईल तेव्हा उठायचं आणि बॅटरी घेऊन बांध तुडवायचा. आता पाणी अंथरुणातून सुटायचं. पेटीतल्या बाईवर त्यांचा भलताच जीव जडला. ती नमस्कार म्हणाली की ह्याही म्हणायच्या, "नमस्कार गं बाई!"

"आये, ती बाई न्हाई, रेकॉर्डिंग हाय," बिभीषण हसायचा.

"असू दे की. रोज नमस्कार तर करती. तू करतोस व्हय?"



मांडवात हळदीच्या ताटाभोवती बायका जमल्या तसा बनुबाईंनी विषय फिरवून फिरवून मोटारीवर आणला. धाकटी बहीण मालनबाई मुरलेली होती. ती म्हणाली, "अक्का, थापा मारू नको. इथं बसून तिकडची मोटार कशी चालू व्हईल?"

झालं. बनुबाईंनी हळदीचं बोट पदराला पुसलं, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला. बायका पुढं सरकल्या. दोनदा घंटी वाजली.

नमस्कार आला नाही. आधी नुसतंच काहीतरी टपकल्यासारखं ऐकू आलं, खोल, गार जागी थेंब पडावा तसं. मग बाई बोलली. आवाज तोच, शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ. बोली मात्र गावाकडची.

"थांब, बनू. एक दाबू नको... इहिरीत दोघं हायेत."

मांडवात हसू फुटलं. "आगं बया, मोटार नाव घिऊन हाक मारती की!" बनुबाईही हसल्या, पण ओठांपुरत्या. त्यांना बनू म्हणणारी सगळी माणसं केव्हाच वर गेली होती.

"कोन दोघं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

पलीकडं पाणी डुचमळलं... आणि फोन बंद झाला.

त्यांनी लगेच घरी सुनेला फोन लावला. "निकिता, बिभीषण कुठं हाय?"

"इहिरीत उतरलेत की. मोटारीची वायर कुजल्ती, जोड द्यायला."

"फ्यूज काढलाय का त्यानं?"

"न्हाई, आई." विहिरीत उतरणाऱ्यानं आधी पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकायचा, ही त्या भागातली जुनी शिस्त. म्हणजे वरून कुणी मोटार चालू करूच शकत नाही. पण लाईट दुपारी दोनला यायची होती, आणि बिभीषणनं कंटाळा केला होता.

"पळ," बनुबाई म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. कुणीतरी हातात सरबत दिलं, ते तसंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या बोटाची भीती वाटत होती.

फोन वाजला. निकिता धापा टाकत होती. "काढला, आई. पेटीवरचा दिवा लागलेला हुता. लाईट कवाच आल्ती... अन् ह्यांच्या हातात उगडी तार हुती." आणि ती रडायला लागली. बनुबाईही रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नवरीला हळद लावली, पेढ्यांचा पुडा मालनबाईच्या हातात कोंबला आणि मिळेल त्या टेम्पोनं घर गाठलं.

चार वाजता तिघंही विहिरीवर होती. बनुबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बिभीषणचा तोवर स्टार्टरच्या कंपनीला फोन करून झाला होता.

"त्यो मानूस म्हनतो, पेटीत चारच वाक्यं भरल्यात, पाचवं न्हाईच. आये, तुझ्या नमस्काराची लाज राखली बग तिनं!"

"पन दोघं म्हनली ती. तुझ्यासंगं खाली कोन हुतं?"

"एक मी, एक बेडूक."

निकिता खोबरं खाता खाता इतकी हसली की तिला ठसका लागला. बनुबाईंनी लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिथंच हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. पाठ उबदार होती. देवानं आज लई दिलं, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या.

कांद्याला पाणी द्यायचं राहिलं होतं. बिभीषणनं फ्यूज परत बसवला. मोटार चालू करायचा मान अर्थातच बनुबाईंचा. त्यांनी नंबर लावला आणि यावेळी आधी आपणच म्हणाल्या, "नमस्कार गं बाई."

थेंब पडला. एक... मग दुसरा.

"एक वर आला, बनू... आता दुसरा चढतोय."

तिघांनी कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी स्थिर होतं. बिभीषण वर आला तेव्हाच्या ओल्या खुणा उन्हानं केव्हाच वाळवल्या होत्या, आणि विहिरीच्या भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या वरपासून खालपर्यंत कोरड्या ठणठणीत होत्या.

सगळ्यात खालची पायरी ओली झाली. मग तिच्या वरची.