भोपळ्याचे दात

"पाच दिवस उपाशी आहे तो! तुम्हीच काहीतरी घातलंत टाकीत!" हर्षदकाका कडाडला. "संध्याकाळी शिफ्टवरून आलो की त्याला कुंडलिकेत सोडतो. आणि उद्या तुमची पेणला रवानगी!"

दार धाडकन आपटून तो गेला. सुट्टीला पेणहून रोह्याला आलेल्या प्रतिक्षाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! टाकीच्या कोपऱ्यात भोपळ्या, काकाने पाळलेला, भोपळ्यासारखा फुगणारा केंड मासा, मलूल पडला होता. असा नदीत सोडला तर तो मरणारच.

"भूक तर हाय त्याला. बघ गो!" तिची मैत्रीण सरू म्हणाली. सरूचे वडील खाडीत जाळं टाकत.

भोपळ्या कोळंबीवर झडप घालायचा, तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. प्रतिक्षाचा धाकटा भाऊ मिथुन याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून मोठा केला. "ताई, दात बघ! एवढे वाढलेत, तोंडच उघडत नाही!"

"आमच्याकडचा केंड चिंबोऱ्या फोडून खातो, म्हणून दात झिजतात. तुझा काका काय घालतो?" सरूने प्रतिक्षाला विचारलं.

"सोललेली कोळंबी! पाहुण्याला वाढतात तशी!"

एवढे लाड करायचे आणि वर आपल्यावर डाफरायचं! प्रतिक्षाला काकाची भयंकर चीड आली.

टाकीतल्याच पाण्याने डबा भरून दोघी भोपळ्याला जनावरांच्या डॉक्टर अनिताताईंकडे घेऊन धावल्या. काकाला चकवायला मिथुनने मागे साधं पाणी भरून झाकणाची बादली दाराशी ठेवली.

डॉक्टरांनी पाण्यात लवंगतेलाचे थेंब टाकून भोपळ्याला गुंगी आणली आणि बारीक चिमट्याने दात कापले. "शाबास, पोरींनो! आणखी दोन दिवस गेले असते तर हा हाती लागला नसता."

इकडे काका आला. टाकीत मासा नाही, दाराशी भरलेली बादली! "चला, एक काम तरी केलंत!" म्हणत तो बादली उचलून तडक पुलावर गेला. ओतली, तर नुसतं पाणी!

"मला बनवता काय?" ओरडतच तो घरात शिरला. तोवर दोघी परतल्या होत्या आणि टाकीत भोपळ्या फिरत होता. सरूने शिंपला टाकला. कट्ट! कवच फुटलं!

प्रतिक्षाने दातांचा फोटो काकापुढे धरला. "हे आम्ही केलं? का तुझ्या सोललेल्या कोळंबीने?"

काकाचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलंच माझं. तुम्ही होतात म्हणून वाचला तो. माफ कर गो."

"मला नाही. त्याला सांग!" प्रतिक्षाने भोपळ्याकडे बोट दाखवलं.

काका माफी मागायला टाकीवर वाकला. भोपळ्या वर आला आणि त्याने पाण्याची पिचकारी थेट काकाच्या नाकावर मारली.