गच्चीवर नक्की किती वाजता?

मीटिंग रूमचं दार उघडलं आणि मला आधी दिसले ते मोजे. राखाडी, ओलेचिंब, हीटरवर वाळत घातलेले. मग दिसला मोज्यांचा मालक – खुर्चीत मांडी ठोकून, पुढ्यात लॅपटॉप, केसांतून अजून पाणी ठिबकतंय.

मोरोक्कोतल्या आमच्या तांजियरमध्ये मार्चचा पाऊस आडवा येतो, छत्री असून नसल्यासारखीच. पण म्हणून काय माझ्या खोलीत मोजे वाळवायचे?

“ही खोली अकरा ते बारा माझी आहे,” काखेतले नकाशे सावरत मी म्हटलं.

“तुमची?” त्याने वर पाहिलं. “तुम्ही नुहैला ना? तुमची बारा ते एक आहे. हे बघा ना...”

मी पाहिलं. त्याच्या लॅपटॉपवर ऑफिसचं कॅलेंडर उघडं होतं आणि त्यात माझं नाव खरोखरच बारा ते एकच्या चौकटीत बसलं होतं. मी माझा फोन काढला. तिथे मी अकरा ते बारा होते.

“तुम्ही बदललंत!” मी म्हणाले.

“मी? मला इथे येऊन अर्धा तास झालाय. अजून बाथरूम कुठंय तेसुद्धा ठाऊक नाही.”

मला हसू आलं. रमजानच्या उपासात हसू आलं की लगेच रागही येतो. “मोजे काढा तिथनं,” म्हणाले, आणि नकाशे टेबलावर पसरले.

त्याने मोजे काढले, पण खोलीतून मात्र गेला नाही.

त्याचं नाव सुफियान. आमच्या फ्रान्समधल्या मार्सेईच्या शाखेतला आवाजाचा इंजिनिअर. शहरातलं जुनं सिनेमागृह आम्ही पुन्हा उभं करत होतो. भिंती, जिने, खिडक्या माझ्याकडे, आणि त्या भिंतींमध्ये आवाज कसा फिरेल ते बघायला हा आला होता. सहा आठवड्यांसाठी. आई इथलीच, पण तो वाढला तिकडे, त्यामुळे अरबी बोलताना मध्येच अडखळायचा आणि शब्द सापडेपर्यंत माझ्याकडे बघत राहायचा. शब्द शोधायला एवढा वेळ लागतो का कुणाला?

पुढचे काही दिवस सगळाच गोंधळ. आमच्या साहेबीणबाई मादाम बेन्नीस यांच्या मीटिंगला तो तासभर उशिरा आला, तेही अगदी हसतमुखाने. “उपास झेपत नसेल बिचाऱ्याला,” सगळे म्हणाले. आणि तो मला जिन्यात गाठून विचारतो, “तुम्ही लोक माझ्याशिवायच मीटिंगा सुरू का करता?”

“तुम्ही वेळेवर का येत नाही?”

“मी नेहमी वेळेवर येतो.”

असं छातीठोक खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि खोटं बोलताना इतका बापुडा दिसणाराही.

मग एका दुपारी माझ्या कॅलेंडरवर एक आमंत्रण आलं. विषय: ‘जिन्याच्या पायऱ्या मोजणे’. पाठवणारा: सुफियान. खाली तीन बटणं – येणार, कदाचित, नाही. पायऱ्या माझ्या नकाशात मोजलेल्याच होत्या. मी ‘कदाचित’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी: ‘खिडकीतून जहाजं बघणे (कामाचा भाग)’. कदाचित.

तिसऱ्या दिवशी: ‘कदाचित म्हणजे नक्की काय, यावर चर्चा’. मी डेस्कवर एकटीच हसत बसले. पुन्हा कदाचितच दाबलं... पण बोट जरा रेंगाळलं.

“तू मला झुलवतेयस,” कॉपी मशीनपाशी तो म्हणाला. कधी ‘तू’वर आला, मला कळलंच नाही.

“मी कुठे झुलवतेय? बटण आहे, दाबते.”

“तिसरंही बटण आहे.”

“तेही दाबेन. कदाचित.”

शुक्रवारी आलं ते आमंत्रण निराळं होतं. सोमवार, सकाळी नऊ, गच्ची. विषयाच्या जागी एवढंच – ‘एक विचारायचं आहे’. मी कितीतरी वेळ त्याकडे बघत बसले. काय विचारायचं असेल? काम असेल. काम असतं तर गच्ची कशाला? ...मी ‘येणार’ दाबलं. दाबल्यावर असं वाटलं, जसं काही मी तांजियरच्या चौकात उभी राहून ओरडले होते.

सोमवारी बरोबर नऊला मी गच्चीवर होते. निळा स्कार्फ बांधला होता, तो वारा सारखा तोंडावर आणत होता. नऊ पाच. नऊ दहा. नऊ वीस. साडेनऊला मला सिनेमागृहावर पोचायचं होतं. मी खाली उतरले तेव्हा कान तापले होते – थंडीने की कशाने, देव जाणे.

दुपारी तो समोरून आला आणि माझ्याशी काही न बोलता निघून गेला. *तो* माझ्याशी बोलत नाही! उभं ठेवलं त्याने, आणि फुगला पण तोच? त्या दिवसापासून आमंत्रणं बंद. कॅलेंडर कसं स्वच्छ, रिकामं. मी दिवसातून वीस वेळा उघडून बघायचे.

बुधवारी रिसेप्शन सोडून बाकी सगळे तीनला घरी गेले. उद्या नगरपालिकेला नकाशे दाखवायचे होते म्हणून आम्ही दोघं मागे राहिलो. एका टेबलाच्या दोन टोकांना.

“तो छेद द्या,” तो म्हणाला.

पुन्हा ‘द्या’. मी छेदाचा नकाशा सरकवला.

सहाला रिसेप्शनवरच्या लल्ला रकिया पर्स काखोटीला मारून दारात आल्या. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि ऑफिसात कोण कुठे जातं हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

“मुलांनो, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “सोमवारी ही नऊला किल्ली घेऊन वर गेली, रडवेली होऊन खाली आली. हा दहाला वर गेला, अकरापर्यंत भिजत उभा. लपंडाव खेळत होतात की काय?”

“दहाला?” मी म्हटलं.

“नऊला?” तो म्हणाला.

लल्ला रकियांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि घरी हरीराचं सूप ढवळायला निघून गेल्या.

मी उठून त्याच्या लॅपटॉपपाशी गेले. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये शिरले. आणि तिथे, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात... मार्सेईची वेळ.

“सुफियान, रमजानसाठी आपण इथे घड्याळं तासभर मागे घेतली. तिकडे कुणी घेत नाही. तुझं कॅलेंडर अजून तिकडेच राहतंय. तू दहा लिहिलंस, मला नऊ दिसले.”

तो पडद्याकडे बघत राहिला. “म्हणजे मादामच्या मीटिंगा...”

“तू रोज एक तास उशिरा होतास.”

“आणि ते मोजे...”

“माझ्याच खोलीत होते.”

आम्ही इतके हसलो की टेबलावरचे नकाशे खाली घसरले. ते उचलायला दोघं वाकलो आणि हसणं एकदम थांबलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“काय झालं?”

“सोमवारी तुला विचारणार होतो...” तो थांबला, शब्द शोधू लागला. “मार्सेईवाल्यांनी विचारलं होतं, तांजियरला दोन वर्षं राहशील का. आजपर्यंत उत्तर हवं होतं. म्हटलं, आधी तुला विचारावं – राहू का? तू आली नाहीस. मी सकाळीच कळवलं. परत येतो म्हणून.”

बाहेर रस्ता रिकामा होत चालला होता. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या बांगेच्या आधीची ती दहा मिनिटं, जेव्हा टॅक्सीवालेही घरी पळतात. मला काय वाटत होतं ते मला नीट कळत नव्हतं. राग? आनंद? भूक? सगळं एकदमच.

“दुसरं पत्र लिही,” मी म्हणाले.

“काय कारण देऊ? घड्याळ चुकलं?”

“कारण मी आहे, असं लिही.”

बोलून गेले आणि हातातला नकाशा घट्ट धरून उभी राहिले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप ओढला. यावेळी शब्द शोधावे लागले नाहीत, भराभर लिहिलं.

“मानतील?” मी विचारलं.

“माहीत नाही. कदाचित.”

“हे बटण मला मुळीच आवडत नाही,” मी म्हटलं.

तेवढ्यात उपास सोडायची तोफ झाली आणि पाठोपाठ सगळ्या मिनारांवरून बांग उठली. त्याच्या बॅगेत पाण्याची एक बाटली निघाली. आधी मी प्यायले, मग तो. माझा फोन वाजला. आई.

“अगं, कुठे आहेस? आम्ही बसलोसुद्धा!”

“येतेय, यम्मा. एक वाडगा जास्त ठेव.”

“कोण आहे?”

मी सुफियानकडे पाहिलं. तो कान टवकारून ऐकत होता, आणि टेबलाखाली काढून ठेवलेले बूट पायात घालायचंही विसरला होता.

“ऑफिसातला...” मी म्हणाले. मग वाटलं, का लपवायचं? “नाही यम्मा. माझा आहे.”

पलीकडे चमचे वाजले, आणि आई कुणाला तरी म्हणाली, “जरा सरकून बसा रे... पाहुणे येतायत.”